समोर कोण, शेजारी कोण?

परभणीहून हिंगोलीकडं जाताना औंढा नागनाथच्या अलीकडं जवळा बाजार लागतं. बाजार समिती, मोंढा, आडतीची दुकानं, आजूबाजूच्या शिवारातली सोयाबीन, तूर आणि हळद; गावातलं बोलणं बहुतेक याच्याभोवतीच फिरतं. अलीकडं त्या बोलण्यात व्हिसाची मुलाखत आणि शैक्षणिक कर्ज हेही शब्द मिसळू लागलेत. पोरगं अमेरिकेला निघालं की बॅगेत कुकर जातो, मेतकूट जातं, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून जाते. तिथं वागायचं कसं, हे मात्र शेवटच्या आठवड्यात कुणीतरी घाईघाईनं सांगतं. त्यातही तंबाखूचा विषय घरात कुणी काढत नाही. काढला तर आपलं लेकरू ओढत असेल, हे आधी मनाशी कबूल करावं लागतं.

इथं तो विषय निघाला आहे. बोलणारे दोघं. मामा आडतीचं दुकान चालवतात आणि दिवसातून बऱ्याचदा तंबाखू मळतात. भाची अमेरिकेत शिकली, तिथंच नोकरीला आहे आणि सुट्टीवर आली आहे. मामांचा मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.साठी निघणार आहे. असे मामा आणि अशी भाची मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत सापडतील, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत.

मामा: कालपासून काय पढवायलीस त्याला? इथं थुंकू नको, तिथं ओढू नको, आधी विचार. पोरगं काय जंगलातून चाललंय का? घरचं वळण आहे त्याला. माझ्यासमोर पाय लांब करून बसला नाही कधी. बिडी-सिगारेट तर सोडच.

भाची: तुमच्यासमोर नाही ओढत, हे खरंच आहे. म्हणून तर सांगतेय. तिथं समोर तुम्ही नसणार.

मामा: म्हणजे ओढतो म्हणतेस?

भाची: त्याचं मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. मी आपल्या रीतीबद्दल बोलतेय. आपल्याकडं तंबाखूचं सगळं वळण एका प्रश्नावर उभं आहे: समोर कोण आहे? वडील दिसले की सिगारेट पाठीमागं. मास्तर दिसले की पायाखाली. सासरे ओसरीवर आले की जावई उठून परसात. तिथं हा प्रश्नच कुणी विचारत नाही. बाप-लेक अंगणात उभे राहून एकाच लायटरवर सिगारेट पेटवतील. पण तोच बाप घरात येऊन ओढणार नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: शेजारी कोण आहे आणि त्याच्या नाकात काय जातंय?

मामा: बापापुढं धूर सोडायचा, याला वळण म्हणायचं का?

भाची: त्यांच्याकडं म्हणतात. आणि तेही काही पिढीजात नाही. 1965च्या सुमाराला अमेरिकेत शंभरातली बेचाळीस मोठी माणसं सिगारेट ओढायची. विमानात, कचेरीत, दवाखान्यात, कुठंही. 11 जानेवारी 1964ला तिथले सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध सांगणारा अहवाल जाहीर केला. दिवस मुद्दाम शनिवारचा निवडला, कारण शेअर बाजार बंद असतो.

मामा: भाव पडतील म्हणून! मग आमच्या मोंढ्याला नावं ठेवू नका. बाजाराचं भान त्यांनाही होतंच की.

भाची: होतं. आणि त्या अहवालानंतरही रीत लगेच बदलली नाही. तुझं फुफ्फुस, तुझं तू बघ, असंच चाललं होतं. खरा फरक पडला तो धूर दुसऱ्याला लागतो हे कळायला लागल्यावर. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी 1981 साली दाखवून दिलं, की नवरा ओढत असेल तर कधीच न ओढणाऱ्या बायकोलाही फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. 1986 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनंही तेच म्हटलं. मग एकेक जागा बंद होत गेली. 1990 साली देशातल्या देशात उडणारी जवळपास सगळी विमानं, 2000 साली अमेरिकेत येणारी-जाणारी सगळीच. कॅलिफोर्नियात 1995ला कामाच्या जागा, 1998ला बार. न्यूयॉर्क शहरानं 2003 साली तेच केलं. 2022पर्यंत सिगारेट ओढणारे शंभरात अकरा-बारा उरले. म्हणजे ज्याला आपण 'अमेरिकन शिस्त' म्हणतो ती तुमच्या डोळ्यांदेखत तयार झालेली आहे.

मामा: कायदा आपल्याकडंही आहे. एसटीत तर मी लहान होतो तेव्हापासून लिहिलेलं वाचतोय.

भाची: आहे ना. 2003चा केंद्राचा कायदा आहे. 2 ऑक्टोबर 2008पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, दंड 200 रुपये. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मामा: दंडाची पावती फाडलेली कधी बघितली का तू?

भाची: नाही. पण तिथंही मी कधी बघितली नाही. गंमत तीच आहे. पोलीस उभा नसतो, तरी माणूस उठतो आणि बाहेर जातो. कारण भाड्याच्या घराच्या करारात ते लिहिलेलं असतं. भिंतीला धुराचा वास लागला तर अनामत रक्कम कापतात. आणि त्याहून मोठं कारण, बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. वॉशिंग्टन राज्यात 2005 साली लोकांनी स्वतः मतदान करून नियम केला: सार्वजनिक इमारतीच्या दारापासून, उघड्या खिडकीपासून, हवा आत घेणाऱ्या झरोक्यापासून पंचवीस फूट लांब. त्या राज्यात नुसतं दाराबाहेर जाऊन भागत नाही. दाराबाहेर उभं राहून ओढलं तर आत येणारा प्रत्येक जण त्या धुरातून येतो.

मामा: बर्फ पडत असला तरी?

भाची: बर्फ पडत असला तरी.

मामा: आता माझं ऐक. मी पेपर वाचतो, अगदीच अडाणी नाही. हे नियम सगळ्यांना सारखे लागतात का? स्वतःचा बंगला असलेला माणूस स्वतःच्या दिवाणखान्यात ओढणारच ना? मग बर्फात कोण उभं राहतं?

भाची: भाडेकरू. हमाली करणारा, हॉटेलातली भांडी घासणारा. सरकारी घरांत राहणाऱ्या गरिबांना तर 2018पासून घराच्या आतही बंदी आहे. आणि आता तिथं ओढणारे जास्त करून कमी शिकलेले, कमी कमावणारेच उरलेत. हे तुमचं खरं आहे.

मामा: मग त्याला शिष्टाचार म्हणू नको. ज्याच्याकडं जागा आहे त्याची सोय म्हण.

भाची: ज्याला धूर नको त्याचीही सोय आहे की. हॉटेलात काम करणाऱ्या पोरीला आठ तास धुरात उभं राहावं लागत नाही. तीही गरिबाघरचीच असते.

मामा: बरं, ते सोड. आमच्याकडं धूरच कुठं आहे? मी तंबाखू खातो. माझी तंबाखू कुणाच्या नाकात गेली?

भाची: इथं तुम्ही मला बरोबर पकडलंत. अमेरिकेला निघालेल्या पोरांना सगळे सिगारेटचं सांगतात. आपल्याकडचा रोग मात्र दुसरा आहे. 2016-17च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर मोठ्या माणसांत ओढणारे चारही भरले नाहीत. खाणारे चोवीस निघाले. तंबाखू-चुना, खर्रा, मावा, गुटखा. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी आहे, पुड्यांचे कागद मात्र रस्त्यावर रोज नवे दिसतात.

मामा: मग झालं तर. धूर नाही, शेजारी नाही, प्रश्न नाही.

मामी *(आतून)*: त्या ओसरीच्या कोपऱ्याला विचारा म्हणावं शेजारी आहे का. दर दिवाळीला रंग देते मी, आणि संक्रांतीपर्यंत लाल होतो.

भाची: घ्या! मामींनी आवाज न चढवता निकाल दिला. खाणाऱ्याचा धूर नसतो, पण थुंकी असते. आणि बाहेरून गेलेल्या माणसाबद्दल तिथं सगळ्यात लवकर मत कशानं बिघडत असेल तर पिचकारीनं. दुकानाच्या पायऱ्या, वाहनतळाचा कोपरा, कुंडीतली माती, काहीही चालत नाही.

मामा: म्हणजे गोरा माणूस जन्मापासून थुंकतच नाही?

भाची: भरपूर थुंकायचा. चार्ल्स डिकन्स 1842 साली अमेरिका फिरला. त्याच्या प्रवासवर्णनात राजधानी वॉशिंग्टनमधल्या तंबाखूच्या पिचकाऱ्यांचा इतका वैताग आहे, की वाचताना आपलं एसटी स्टँड डोळ्यासमोर येतं. त्यांच्या संसदेत सभासदांसाठी पिकदाण्या ठेवलेल्या असायच्या. पुढं क्षयाची साथ होती आणि क्षय थुंकीतून पसरतो हे कळलेलं होतं, तेव्हा न्यूयॉर्क शहरानं 1896 साली सार्वजनिक जागी थुंकायला बंदी घातली.

मामा: आणि लोकांनी ऐकलं?

भाची: पहिल्या दिवशी कोण ऐकतं? पाट्या लावल्या, दंड केले, शाळेत शिकवलं. एक पिढी गेली. तंबाखू खाणं तर अजून आहे. त्यांचे बेसबॉलचे खेळाडू गालात तोबरा भरून खेळायचे. टोनी ग्विन नावाचा फार मोठा फलंदाज 2014 साली लाळेच्या ग्रंथीच्या कॅन्सरनं गेला; आपल्या तंबाखूमुळंच हे झालं असं तो स्वतः म्हणायचा. त्यानंतर मोठ्या लीगमध्ये नव्यानं येणाऱ्या खेळाडूंना मैदानावर तंबाखू खायला बंदी झाली. खाणारा तिथंही आहे, पण तो सोबत रिकामी बाटली ठेवतो, तीत थुंकतो आणि झाकण लावून कचऱ्यात टाकतो.

मामा: खिशात थुंकीची बाटली घेऊन फिरायचं! शी.

भाची: मलाही किळस येते. पण ती किळस त्याची त्याच्याजवळ राहते, इतकाच फरक. आणि पोरानं हेही लक्षात ठेवायला हवं, की बरीच विद्यापीठं आता पूर्ण तंबाखूमुक्त आहेत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाच्या सगळ्या आवारांत 2014पासून ओढणं, खाणं, वाफेची सिगारेट, सगळंच बंद. मोकळ्या मैदानातही.

मामा: हे सगळं ठीक. पण तू एक गोष्ट विसरायलीस. तंबाखू म्हणजे नुसती नशा नव्हे, माय. माझ्या दुकानावर शेतकरी येतो. माल ओला आहे, भाव पडलाय, तो तोंड पाडून बसलाय. मी चंची काढतो, चिमूटभर त्याच्या हातावर ठेवतो. तो मळता मळता बोलायला लागतो. कर्जाचं, पोरीच्या लग्नाचं, बोअरला पाणी नाही त्याचं. जात विचारावी लागत नाही, ओळख लागत नाही. एखाद्याला वाळीत टाकायचं तर गाव काय म्हणतं? हुक्कापाणी बंद. म्हणजे ओढण्यात आणि पाण्यात माणूस माणसात आहे की नाही हे ठरत होतं. तुझ्या अमेरिकेत चंचीच्या जागी काय आहे?

भाची: पंचवीस फुटांवरची जागा आहे. खरं सांगते. ऑफिसमध्ये ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं होत नाही, असे साहेब आणि झाडूवाला तिथं थंडीत एकत्र कुडकुडतात. अनोळखी माणूसही "एक सिगारेट मिळेल का" असं विचारतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

मामा: बघ! म्हणजे माणूस तिथंही तेच शोधायलाय.

भाची: तेच. आणि तंबाखूही मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि 1600 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असद बेग नावाचा सरदार विजापूरहून ती अकबराच्या दरबारात घेऊन गेला. दिल्ली-आग्र्याला हुक्क्याची ओळख दख्खननं करून दिली. जहांगीरनं पुढं 1617 साली बंदी घातली, ती काही टिकली नाही.

मामा: बंदी टिकत नाही हेच तर मी म्हणतोय. टिकते ती लाज. आता दुसरं सांग. इथं चहाच्या टपरीवर कुणाचंही पोरगं सिगारेट ओढताना दिसलं, तर टपरीवाला सांगतो, मास्तर सांगतात, माझा वैऱ्यासारखा वागणारा भावकीतला माणूससुद्धा घरी येऊन सांगतो. तिथं कोण सांगेल?

भाची: कुणीच नाही. "माझ्या दारात ओढू नका" एवढं म्हणतील. "सोड रे बाबा, मरशील" असं परका माणूस म्हणाला तर तो आगाऊपणा ठरतो. आपल्या माणसानंही मागितल्याशिवाय सल्ला दिलेला चालत नाही.

मामा: मग ही कसली माया? धूर त्यांच्या नाकात गेला नाही म्हणजे झालं. पोरगं जळलं तरी चालेल, पंचवीस फुटांवर जळू दे!

भाची: या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नाही, मामा. त्यांची रीत शेजाऱ्याला वाचवते, ओढणाऱ्याला नाही. पण आपल्या रीतीत कोण कुणाला बोलू शकतं, हेही बघा. वरून खाली सगळे बोलतात. खालून वर कुणी बोलत नाही. आजोबा तान्ह्या नातवाच्या पाळण्याशेजारी बिडी ओढत बसले, तर सून काय करते? बाळाला उचलून आत नेते आणि गप्प बसते. हिरायामांनी ज्या बायका मोजल्या त्या अशाच गप्प बसलेल्या होत्या. आपली लाज मोठ्यांच्या डोळ्यांना लागते, लहानाच्या छातीला लागत नाही. कॅलिफोर्नियात 2008पासून गाडीत अठराच्या आतलं लेकरू असेल तर ओढता येत नाही, गाडी बापाची स्वतःची असली तरी.

मामा: बापाला कायद्यानं शिकवायचं?

भाची: बायकोनं, सुनेनं, लेकानं शिकवायची सोय नसेल तर मग कायदाच उरतो.

*(मामा थोडा वेळ बोलत नाहीत. मामी चहा आणून ठेवतात.)*

मामा: बरं, तंबाखू सोडून दुसरं काय पढवलंस त्याला?

भाची: पहिलं, जेवणाचं. आपल्याकडं पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणतो, यजमान आग्रह करतो, तिसऱ्यांदा ताट पुढं येतं. तिथं एकदा "नको" म्हटलं की ताट उचलून नेतात. नवीन पोरं लाजेपायी उपाशी परत येतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी "हो" म्हणायचं.

मामा: आग्रह नाही म्हणजे जेवायला घातलंच नाही.

भाची: त्यांना वाटतं, दुसऱ्याचा शब्द पहिल्या वेळीच खरा मानणं हाच मान. दुसरं, विचारायच्या गोष्टी. पगार किती, लग्न का नाही केलं, वजन का वाढलं, हे विचारायचं नाही.

मामा: मग बोलायचं कशावर?

भाची: हवेवर! हसू नका, खरंच हवेवर बोलतात. तिसरं, कुणाकडं जायचं तर आधी कळवून. चौथं, हॉटेलात बिलाच्या पंधरा-वीस टक्के टीप. ती बक्षिशी नसते. वाढणाऱ्याला केंद्राच्या कायद्यानं तासाला दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी मालकाचं भागतं. तो आकडा 1991पासून हललेला नाही. काही राज्यांत जास्त देतात, पण बऱ्याच ठिकाणी त्या पोराचं घर टिपेवरच चालतं. पाचवं, पोलिसानं गाडी थांबवली तर आपल्यासारखं उतरून त्याच्याकडं चालत जायचं नाही. बसून राहायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. तिथं पोलिसाला वाटतं उतरणारा माणूस अंगावर येतोय. हा शिष्टाचार चुकला तर जिवाशी गाठ पडू शकते.

मामा: हे मात्र त्याला दोनदा सांग.

भाची: तीनदा सांगितलंय. आणि सहावं, फोडणी.

मामा: फोडणीत काय शिष्टाचार?

भाची: प्रत्येक घराच्या छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. कढईत तेल तापून मोहरी-मिरची पडली की ते किंचाळायला लागतं. काही इमारतींत त्याबरोबर सगळ्या मजल्यांची घंटा वाजते, रात्रीच्या कपड्यांत माणसं खाली उतरतात, अग्निशमनाची गाडी येते. खिडकी उघडायची, शेगडीवरचा पंखा लावायचा आणि मग मिरची टाकायची. यंत्रावर पिशवी बांधायची नाही. ती युक्ती आपली पोरं पहिल्या आठवड्यातच शोधून काढतात.

मामा: सिगारेट न ओढताही धुराचा गुन्हा! म्हणजे पोरानं तिथं गेलं की सगळं आपलं सोडायचं, त्यांचं घ्यायचं. पाहुण्यानं किती वाकायचं याला काही माप आहे का?

भाची: मी उलटं विचारते. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगोचं केंद्र व्हायचंय. एप्रिल 2023मध्ये केंद्र सरकारनं 2600 कोटींची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी पकडायची तशी दोन केंद्रं अमेरिकेत आहेत. एक लुइझियानात लिव्हिंग्स्टनला आणि दुसरं वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला. पंचवीस फुटांचा नियम जिथला, तिथलंच. यंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतून येणार, त्यांच्याबरोबर माणसंही येतील. ती नागनाथाच्या देवळात गेली तर?

मामा: चपला बाहेर काढतील. दुसरं काय करतील?

भाची: का काढायच्या? त्यांच्या देशात तर बूट घालून चर्चमध्ये जातात.

मामा: त्यांच्या देशात जातात. इथं नाही.

भाची: चपला काढल्या म्हणून तो माणूस लहान झाला का? अमेरिकन राहिला नाही का?

मामा: तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

भाची: 1886 ते 1888 पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. परत आल्यावर 1889 साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनी तिथल्या बायकांच्या संस्थांचं कौतुक केलं आणि काळ्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही केली. दुसऱ्याच्या घरात नीट वागावं, पण डोळे उघडे ठेवावेत. पोरानं भारावून जाऊ नये, आणि तुमच्यासारखं आधीच नाक मुरडून बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

मामा: तुझं म्हणणं कळलं. आता माझी खरी काळजी सांगू? मघाशी तू वाफेची सिगारेट म्हणालीस. इथं तर तिच्यावर बंदी आहे.

भाची: 2019पासून. तिथं एकविसाच्या वरच्याला विकत मिळते. सिगारेटलाही तेच वय, तेही 2019च्याच डिसेंबरपासून.

मामा: आणि तिला आपल्या बिडीसारखा वास येत नाही म्हणतात. आमचा सगळा पहारा नाकावर होता, बाई. पोरगं घरात आलं की आई जवळ घेऊन वास घ्यायची. आता ना वास, ना टपरीवाला, ना भावकी. खोलीत एकटा, परीक्षा, कर्जाचा हप्ता, घरची आठवण. तो नियम मोडणार नाही, मला माहीत आहे. पंचवीस फूट लांब जाईल, बाटलीत थुंकेल, शेजाऱ्याला विचारेल, सगळं शिस्तीत करेल. आणि शिस्तीत स्वतःची नासाडी करून घेईल. त्याला कोण आडवं येणार?

भाची: कुणी नाही. मी पहिल्या वर्षी हेच बघितलं. इथं कधी हात न लावलेली मुलं तिथं ओढायला लागली. व्यसनाची हौस नव्हती त्यांना. विचारणारं कुणी नव्हतं. लपवायला माणूसच नसेल तर लाज टिकत नाही. तिथल्या नियमाला लाजेची जागा घेता येत नाही, तो फक्त शेजाऱ्याचं बघतो.

मामा: मग दोन्ही लागतं.

भाची: दोन्ही लागतं. म्हणून मी त्याला पंचवीस फुटांचं सांगितलं. पण "तिकडं गेल्यावर लागलंच काही, तर मला सांग, मी ओरडणार नाही" हे मी सांगून उपयोग नाही. ते तुमच्याकडून जायला पाहिजे. समोर नसलात तरी फोनवर असाल.

मामा: मी सांगायला गेलो तर तो माझ्या तळहाताकडं बघेल. म्हणेल, तुमचं काय?

भाची: म्हणू दे की.

मामा: लेकानं बापाला विचारायचं?

भाची: तिथं तो अनोळखी माणसाला "माफ करा, जरा लांब जाऊन ओढाल का" असं म्हणायला शिकणार आहे. समोरचा बहुतेक वेळा "सॉरी" म्हणून लांब जातो, भांडण होत नाही. जे परक्याला म्हणता येतं ते बापाला म्हणता येऊ नये का? तुम्ही त्याला लाज दिलीत. आता त्याला तुम्हाला टोकायची मुभा द्या. वरून खाली जातं ते खालून वरही येऊ दे.

मामा: आणि मी म्हणालो, मला सोडवत नाही?

भाची: तर तसं सांगा. मग निदान तोही खरं बोलेल.

मामी: आणि तोवर कोपऱ्याचं?

मामा: कोपऱ्याचं बघतो मी, डबा ठेवतो. झाकणाचा. *(भाचीला)* आणि पोराचं म्हणशील तर विचारू दे त्याला. उत्तर काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण गप बस म्हणणार नाही. एवढा सौदा मंजूर. याच्यावर आज भाव चढवू नको.